जर्मनीतला कामाचा उन्हाळा: शनिवार-रविवार कुठे जायचं आणि मधले पाच दिवस कसे काढायचे

प्रश्न थोडक्यात असा: "ताई, मी नागपूरच्या व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. मे ते जुलै कार्ल्सरूहच्या तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे केआयटीत, इंटर्नशिप मिळाली आहे. पहिल्यांदाच देशाबाहेर आणि पहिल्यांदाच एकटी. शाकाहारी आहे, अंडं चालतं. बारा वीकेंड मिळतील. पॅरिस, ॲमस्टरडॅम, प्राग, इंटरलाकेन, व्हेनिस, रोम, बर्लिन, म्युनिक अशी यादी केली आहे. आई म्हणते, आधी रोजच्या जेवणाखाणाचं बघ. यादी बघून काय ते सांगा."

यादी बघितली. निम्म्याहून जास्त खोड. तुझा उत्साह मोडायचा नाही मला, पण मी कार्ल्सरूहला काही वर्षं नोकरी केली आहे. आता नागपुरात जर्मन शिकवते आणि दर मार्च-एप्रिलमध्ये तुझ्यासारखी मुलं माझ्याकडे येऊन बसतात. बहुतेकांच्या हातात हीच यादी असते, फार तर रोमच्या जागी बार्सिलोना. ही सुट्टीवर निघालेल्या माणसाची यादी आहे. त्याला सोमवारी हॉटेलात दहापर्यंत लोळता येतं, तुला नऊ वाजता ग्रुप मीटिंगला बसायचं आहे.

आपल्याकडून जाणाऱ्या मुलांचा हिशेब कुठे चुकतो तेही सांगते. नागपूरहून पुण्याला जायचं तर रात्रभराचा प्रवास, मुंबईला जायचं तरी रात्रभराचा. त्यामुळे 'रात्री बसायचं, सकाळी उतरायचं' यात आपल्याला काहीच वाटत नाही. पण आपल्या गाडीत बर्थ असतो. तिकडच्या स्वस्त बसमध्ये ताठ खुर्ची असते, आणि सीमेवर रात्री दोनला पोलिस आले की दिवे लागतात. माझ्याकडून गेलेल्या एका पोराने सलग वीकेंडला ॲमस्टरडॅम, प्राग आणि इंटरलाकेन केलं. शुक्रवारी रात्री निघायचं, सोमवारी पहाटे परत. त्याचे फोटो झकास आहेत. पण नंतर तो स्वतःच म्हणाला की कोणत्या चौकात काय पाहिलं ते फोटोवरची तारीख बघून सांगावं लागतं, आणि प्रोफेसरने शिफारसपत्र दोन ओळींत उरकलं.

म्हणून माझा सल्ला असा: लांबचा वीकेंड एक, फार तर दोन. बाकीचे सगळे दोन-अडीच तासांच्या अंतरातले, आणि त्यातल्याही बहुतेक रात्री आपल्याच खोलीत. दर दोन-तीन आठवड्यांनी एक वीकेंड कुठेच जायचं नाही. कपडे धुवायचे, वरण-भात लावायचा, गावातच भटकायचं. तो वीकेंड वाया जात नाही, त्याच्यावरच पुढचे दोन निघतात.

आता यादीत कोणीच लिहीत नाही ती गोष्ट, संध्याकाळ. जूनमध्ये नागपुरात सातच्या सुमाराला दिवेलागण होते. कार्ल्सरूहला जूनच्या मध्यावर सूर्य मावळतो साडेनऊनंतर, आणि उजेड दहापर्यंत रेंगाळतो. तुझं काम पाचला संपणार. म्हणजे रोज साडेचार तास लख्ख उजेड, आठवड्यातून पाच दिवस. बारा वीकेंडच्या मागे लागलेली मुलं या साठ संध्याकाळी खोलीत मोबाइल बघत घालवतात. मला विचारशील तर खरा प्रवास इथेच आहे.

काय करशील? एखाद्या मंगळवारी कामावरून सुटलीस की ट्राम पकडून डुर्लाखला उतर. तिथे टुर्मबेर्ग नावाची टेकडी आहे. पायऱ्या चढायला लागतात, दम लागतो, पण वर जुन्या मनोऱ्याशेजारी बसलीस की खाली ऱ्हाइनचं अख्खं सपाट खोरं, पलीकडे फाल्त्सचे डोंगर आणि हवा स्वच्छ असली तर फ्रान्सचे व्होज पर्वत दिसतात. लोक घरून सॅलडचा डबा आणि चादर घेऊन येतात. आपल्या फुटाळा तलावावर संध्याकाळी असते तशीच गर्दी, फक्त मक्याचं कणीस आणि हॉर्न नाही. दुसऱ्या दिवशी राजवाड्यामागच्या बागेत जा. हे गाव १७१५ मध्ये मारग्रेव्ह, म्हणजे तिथला संस्थानिक, कार्ल विल्हेल्मने वसवलं आणि राजवाड्याच्या मनोऱ्यापासून ३२ रस्ते किरणांसारखे फाकवले. त्यातले दक्षिणेकडचे शहर झाले, उत्तरेकडचे जंगलात शिरतात. तू मागच्या एखाद्या रस्त्याने सायकल घेऊन सुटलीस की पंधरा मिनिटांत ओक-बीचच्या झाडीत असतेस, आणि वाट चुकायची भीती नाही. सरळ मागे वळलं की मनोरा.

तू इंजिनिअरिंगची आहेस म्हणून आणखी एक. या गावाची ट्राम नीट बघ. शहरात ती साध्या ट्रामसारखी ७५० व्होल्ट डीसीवर चालते, आणि शहराबाहेर पडली की तीच गाडी रेल्वेच्या रुळांवर चढून १५ किलोव्होल्ट, १६.७ हर्ट्झ एसीवर धावते. मध्ये वीज नसलेला छोटासा टप्पा असतो, तिथे गाडी वेगातच पुढे सरकते. बाजारपेठेत बसलेला माणूस गाडी न बदलता तीस-चाळीस किलोमीटरवरच्या खेड्यात उतरतो. १९९२ मध्ये ब्रेटनच्या मार्गावर हे सुरू झालं, आणि जगभरच्या शहरांनी त्याला 'कार्ल्सरूह पद्धत' म्हणून उचललं. युरोपीय संघाच्या नागरी सहकार्य कार्यक्रमात नागपूरची जोडी याच कार्ल्सरूहशी जमवली होती, आणि आपल्या मेट्रोला जर्मनीच्या केएफडब्ल्यू बँकेचं कर्ज आहे. सीताबर्डीला मेट्रोतून उतरून पुढे ऑटोवाल्याशी घासाघीस करताना तुला ही ट्राम हमखास आठवेल.

गरमीचं काय? तिथले लोक तुला सांगतील, "आमच्याकडे फार उकडतं." हसू नकोस. ऑगस्ट २००३ मध्ये कार्ल्सरूहला ४०.२ अंश नोंदले गेले होते. आपल्याला चाळीस म्हणजे एप्रिलचा पहिला आठवडा, पण आपल्याकडे कूलर आहे, छताला पंखा आहे. तिथे विद्यार्थ्यांच्या खोल्यांत यातलं काहीच नसतं. छपराखालची खोली मिळाली आणि जुलैत उष्णतेची लाट आली, तर नागपूरची पोरगीसुद्धा रडकुंडीला येते. उपाय आजीचाच आहे. सकाळी आठच्या आत खिडक्या बंद, बाहेरचे पट्ट्यांचे पडदे पूर्ण खाली. रात्री दहानंतर सगळं सताड उघडं. जर्मन माणूस उलटं करतो का? नाही, तोही हेच करतो. फक्त त्याला कोणी सांगावं लागत नाही म्हणून तो तुलाही सांगत नाही.

आता आईच्या प्रश्नाकडे वळते, कारण वीकेंड नीट जायचा की नाही ते या भागावर ठरतं.

सामान भरताना पहिला नियम: दूध आणि मांस यांचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाच्या सामानात नेता येत नाहीत. म्हणजे तूप नाही, पनीर नाही, आणि प्रोफेसरसाठी नागपूरची आठवण म्हणून संत्रा बर्फीही नाही, त्यात खवा असतो. ताजी फळंही रोपस्वच्छतेच्या प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत. केळं, नारळ, अननस, खजूर अशी दोन-चारच सुटतात. दरवर्षी कोणाची तरी आई विमानतळावर जाताना बॅगेत तुपाचा डबा सरकवते. सरकवू देऊ नकोस. त्याऐवजी काळा मसाला, हळद, हिंग, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भाजलेला रवा, चिवडा आणि थोडी तूरडाळ ने. प्रोफेसरला सोलापूरची चादर नाही तर भंडाऱ्याच्या टसरचा रुमाल दे. ते खाण्यापेक्षा बरं, आणि कस्टमवालाही काही म्हणत नाही.

बाकी सगळं तिथे मिळतं. तुर्की दुकानात मसूरडाळ, छोले, कोथिंबीर, भेंडी, हिरव्या मिरच्या. साध्या सुपरमार्केटात रवा 'ग्रीस' या नावाने, बेसन मोठ्या दुकानांत. दही घेताना साधं, बिनसाखरेचं, ३.५ टक्के फॅटचं घे. 'बुटरमिल्श' म्हणून जे मिळतं त्यात मीठ-जिरं घातलं की आपला मठ्ठा. पाकिटावर शाकाहारी-व्हेगनची खूण बऱ्याच वेळा असते, पण तेवढ्यावर विसंबू नकोस. गमीच्या गोळ्यांत जिलेटिन असतं, बऱ्याच चीजमध्ये दूध साकळवायला वासराच्या पोटातलं रेनेट असतं, भाजीच्या सुपाला मांसाचा रस्सा असू शकतो, आणि मे-जूनचं प्रसिद्ध पांढरं अॅस्परॅगस मागवलंस तर सोबत न सांगता हॅमचा काप येतो. ते अॅस्परॅगस मात्र खा. जवळचं ब्रुखजाल त्याच्यासाठीच ओळखलं जातं, आणि त्याचा हंगाम रिवाजाने २४ जूनला संपतो. त्यानंतर शेतकरी ते काढत नाहीत. त्याच सुमाराला रस्त्याच्या कडेला स्ट्रॉबेरीच्या आकाराच्या टपऱ्या दिसतील, मग चेरी येतील. आपण आंबा सोडून चाललो आहोत हे दुःख थोडं कमी होतं. पूर्ण नाही.

दुपारचं जेवण आडेनाउअर रिंगवरच्या मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत. शाकाहारी ताट रोज असतं. फक्त लोक साडेअकरा-बाराला जेवायला निघतात. "मी दीडला जाते" म्हणून एकटी बसू नकोस. त्या अर्ध्या तासातच तुला कळेल की प्रयोगशाळेतलं कोणतं यंत्र कोणावर रुसलंय आणि शनिवारी कोण डोंगरात जाणार आहे. माझ्या पाहण्यात मुलांना वीकेंडची सोबत मिळते ती भारतीयांच्या व्हॉट्सॲप ग्रुपपेक्षा जास्त या टेबलावर.

रात्री खोलीवर स्वयंपाक करताना एक जपायचं, फोडणी. छतावर धुराचा इशारा देणारं यंत्र असतं आणि त्याला मोहरी-मिरचीची ओळख नसते. खिडकी उघड, वरचा एक्झॉस्ट लाव, मगच तेल तापव. तर्री करायची हौस असेल तर ती शुक्रवारी संध्याकाळी कर आणि मजल्यावरच्या सगळ्यांना दे. वासाची तक्रार करणारेच वाटी पुढे करतात.

कामाच्या जागेच्या दोन-तीन रीती. वाढदिवस ज्याचा, केक त्याने आणायचा. कॉफीच्या यंत्राशेजारी नावांची यादी चिकटवलेली असते. कप घेतला की नावापुढे रेघ मारायची, महिनाअखेर पैसे द्यायचे. कोणी बघत नाही, आणि सगळ्यांना माहीत असतं. पाच वाजता लोक उठून जातात, तूही जा. उशिरापर्यंत बसलीस तर मेहनती नाही, काम वेळेत न जमणारी असं वाटण्याचा संभव जास्त. आजारी पडलीस तर सकाळीच कळव. रात्री-बेरात्री किंवा रविवारी डॉक्टर हवा असेल तर ११६११७, जिवावरचं असेल तर ११२.

आणि रविवार. रविवारी दुकानं बंद. आपल्याकडे असते तशी एखाद्या पेठेची साप्ताहिक सुट्टी नव्हे, अख्खा देश बंद. रविवारच्या विश्रांतीचं कलम १९१९ च्या वायमार घटनेतलं, ते १९४९ च्या मूलभूत कायद्यात, म्हणजे आजच्या घटनेतही तसंच घेतलं गेलं. बर्लिनने नाताळाआधीचे चारही रविवार दुकानं उघडायचं ठरवलं, ते २००९ मध्ये रोखलं संघराज्याच्या घटना न्यायालयाने, आणि ते न्यायालय कार्ल्सरूहमध्येच आहे. त्यामुळे तिथे या विषयावर वाद घालू नकोस. शनिवारी रात्री आठच्या आसपास सुपरमार्केटात जी झुंबड उडते ती बघण्यासारखी असते. पावाची फळी रिकामी, टोमॅटोचे उरलेले चार, आणि काउंटरवरची बाई तुझं सामान इतक्या वेगाने सरकवते की पिशवी उघडेपर्यंत मागच्याची बिअर तुझ्या दुधाला येऊन टेकते. तू मात्र गुरुवारीच खरेदी उरक. शनिवारी सकाळी सातच्या गाडीला जायचं असेल तर डबा गुरुवारच्या भाजीतूनच होणार. अगदीच अडलं तर मुख्य रेल्वे स्टेशनातली दुकानं रविवारी उघडी असतात, थोडी महाग.

बाकीचं भरभर. नळाचं पाणी पिण्याचं असतं. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर आणि पेयाच्या कॅनवर २५ सेंट अनामत असते, ती दुकानातल्या यंत्रात बाटली टाकून परत मिळते. कचरा चार ठिकाणी वेगळा, आणि चुकलीस तर शेजारच्या आजी दारावर येतील. रात्री दहानंतर आणि रविवारी दिवसभर गोंगाट नाही. आपला मोबाइलचा दोन पिनांचा चार्जर तिथे बसतो, लॅपटॉपचा तीन पिनांचा बसत नाही. कार्ड सगळीकडे चालेल असं धरू नकोस, बेकरीवाला अजूनही रोख मागतो. सायकल जुनी घे, पण दिवे लागलेच पाहिजेत. चालवताना हातात फोन दिसला तर ५५ युरो, सिग्नल तोडला तर ६०. आपल्या शंकरनगर चौकातल्या सवयी घरी ठेवून जा.

आता गाड्या. तुझ्या सगळ्या वीकेंडचा आधार एकच, डॉइचलांड तिकीट. मे २०२३ मध्ये ४९ युरोत सुरू झालं, जानेवारी २०२५ ला ५८ झालं, जानेवारी २०२६ पासून ६३. महिनाभर देशातल्या सगळ्या ट्राम, बस, मेट्रो आणि प्रादेशिक गाड्या त्यात आल्या. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्या नाहीत. काही विक्रेते त्यासाठी युरोपीय बँकेचं खातंच मागतात, काही कार्ड घेतात. तुझं खातं नसणार, म्हणून घेण्याआधी तेवढं बघ. तिकीट तुझ्या नावाचं आणि मोबाइलमध्ये असतं, सोबत पासपोर्ट लागतो. ट्रामला फाटक नसतं, पण साध्या कपड्यातला तपासनीस मधेच उभा राहतो. मोबाइलची बॅटरी संपली हे त्याच्या लेखी कारण नाही, ६० युरोची पावती हातात पडते. पॉवरबँक ठेव.

या तिकिटावर कुठे जायचं? हायडेलबर्ग सगळेच सांगतात, जा, चांगलंच आहे. किल्ल्यापेक्षा नदीपलीकडच्या तत्त्वज्ञांच्या वाटेवरून किल्ला बघणं जास्त बरं. बाडेन-बाडेन अर्ध्या दिवसाचं.

मी सगळ्यांना हट्टाने पाठवते ते श्वार्त्सवाल्ड, म्हणजे ब्लॅक फॉरेस्टच्या रेल्वेने. कार्ल्सरूहहून कॉन्स्टान्त्सला जाणारी प्रादेशिक गाडी तासाला एक असते. हाउजाखपर्यंत ती साधीच वाटते: फळबागा, कौलारू घरं, किंत्सिग नदी. होर्नबेर्ग सोडलं की खेळ सुरू होतो. होर्नबेर्ग ते सांक्ट गेओर्गेन हे अंतर हवेतून ११ किलोमीटर, रुळांवरून २६. रोबर्ट गेर्विग नावाच्या इंजिनिअरने दरीवर उंच पूल टाकण्याऐवजी रूळच डोंगराच्या कुशीत दोन मोठे वळसे घालून लांबवले, म्हणजे चढ बेताचा राहतो. पूर्ण मार्ग १८७३ मध्ये सुरू झाला, आणि पुढे स्वित्झर्लंडमधल्या गॉटहार्ड रेल्वेच्या कामावरही तोच माणूस गेला. बसल्या जागी काय होतं, तर बोगद्यात शिरतेस, बाहेर पडतेस, उजवीकडे खाली एक गाव आणि चर्च दिसतं. पुन्हा बोगदा. पुन्हा तेच चर्च, आता डावीकडे आणि आणखी खाली. दोन-तीनदा असं झालं की माणूस नकाशा उघडून बसतो. जाण्याआधीच नकाशा बघून ठेव, म्हणजे कोणत्या बोगद्यात गाडीने तोंड फिरवलं ते कळेल.

ट्रिबेर्गला उतरून धबधबा आणि कुकू घड्याळांची दुकानं बघता येतात, पण तिथे बसभर पर्यटक येतात. मी तर म्हणते, दुकानांत तासभर घालवण्यापेक्षा पायवाट धर. श्वार्त्सवाल्डफेराइन ही १८६४ पासूनची डोंगर भटकणाऱ्यांची संस्था आहे, तिने सगळं जंगल खुणांनी बांधून ठेवलंय. झाडावर पत्त्यांतल्या चौकटसारखा पिवळा आकार म्हणजे गावपातळीची वाट, निळा म्हणजे लांबची, लाल म्हणजे वेस्टवेग, फोर्त्सहाइमहून बाझेलपर्यंत सुमारे २८५ किलोमीटर, १९०० पासूनची. त्याचा एखादा तुकडा कार्ल्सरूहहून सहज जमतो. आल्ब नदीच्या खोऱ्यातून जाणाऱ्या एस-१ ट्रामने बाड हेरेनाल्बला उतरायचं आणि डोबेलपर्यंत चढायचं, तिथे लाल खूण भेटते. एकटी गेलीस तरी चालेल, या वाटांवर शनिवारी म्हातारेकोतारेही काठ्या टेकत चालत असतात आणि प्रत्येक जण नमस्कार करतो. घरी आल्यावर मात्र पाय, गुडघ्यामागे, काखेत नीट बघ. तिथल्या गवतात गोचीड असतो. दक्षिण जर्मनीत त्याच्यापासून मेंदूज्वराचा विषाणूही पसरतो आणि लाइमचा आजारही. विषाणूवर लस आहे, निघण्याआधी डॉक्टरशी बोल. पॅन्ट मोज्यात खोचून चालणं दिसायला बावळट आहे, पण तसंच चाल.

त्याच गाडीने शेवटपर्यंत गेलीस तर कॉन्स्टान्त्स. इथे एक रात्र राहा. बोडेनझे सरोवराच्या काठाने चालत गेलं की जर्मनी कुठे संपली आणि स्वित्झर्लंड कुठे सुरू झालं ते कळत नाही. जुनं कुंपण काढून तिथे शिल्पं उभी केली आहेत. दुसऱ्या दिवशी परतताना झिंगेनला गाडी बदलून शाफहाउजेनजवळचा ऱ्हाइनचा धबधबा बघ. उंची फक्त २३ मीटर, पण रुंदी दीडशे, आणि जून-जुलैत आल्प्सचा बर्फ वितळून पाणी सगळ्यात जास्त असतं. तुझं तिकीट जर्मन रेल्वेच्या या स्विस तुकड्यावरही चालतं. तुझ्या यादीतला 'स्वित्झर्लंड' इथे झाला असं समज. इंटरलाकेनला एका दिवसाचा स्विस खर्च तुझा आठवडाभराचा किराणा खातो. आणि स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, त्यामुळे जर्मन सिमचं फुकट रोमिंग तिथे गृहीत धरू नकोस. सीमेआधी मोबाइल डेटा बंद कर, नाहीतर एका नकाशाचं बिल बघून डोळे पांढरे होतील.

स्ट्रासबुर्गसाठी सीमेवरच्या केल गावापर्यंत तुझं तिकीट चालतं. तिथून २०१७ पासून ट्राम ऱ्हाइनचा पूल ओलांडून थेट फ्रान्समध्ये शिरते, त्याचं वेगळं तिकीट काढ. सकाळी जाऊन रात्री परत. कॅथीड्रलचा १४२ मीटरचा एकुलता एक कळस दोनेक शतकं जगातली सगळ्यात उंच इमारत होता. दुसरा बांधायचा राहूनच गेला. पासपोर्ट मूळ हवा, फोटोकॉपी नाही. शेंगेनमध्ये, म्हणजे एका व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांत, सीमा नसतात हे खरं, पण सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्या जमिनीवरच्या सीमांवर तपासणी पुन्हा सुरू केली आहे, आणि ट्राममध्येही पोलिस चढतात.

पॅरिस मात्र यादीत राहू दे. कार्ल्सरूहहून थेट वेगवान गाडी अडीच तासांत पोचवते, फक्त तिकीट नागपुरातूनच काढून ठेव. आदल्या आठवड्यात काढायला गेलीस तर भाव ऐकून तू स्ट्रासबुर्गवर समाधान मानशील. रोम आणि व्हेनिस पुढच्या वेळी. जुलैतल्या रोममध्ये ऊन खायला नागपूरच्या मुलीने कशाला जायचं?

तारखा ठरवताना जर्मन सुट्ट्या बघ. ईस्टरनंतर ३९ व्या दिवशी गुरुवारी ख्रिस्तारोहण, पन्नासाव्या दिवशी सोमवारी पेन्टेकोस्ट, त्यापुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी फ्रोनलाइखनाम. गुरुवारच्या सुट्टीला शुक्रवार जोडून सगळा देश बाहेर पडतो, गाड्या तुडुंब, होस्टेल दुप्पट. हे चार दिवस लांबच्या प्रवासाला फुकट मिळाल्यासारखे वाटतात आणि नेमके तेव्हाच सगळ्यात महाग पडतात. त्या दिवशी डोंगर धर. जुलैच्या उत्तरार्धातला एक वीकेंड गावातच राख, क्लोत्झ पार्कमधल्या 'दास फेस्ट'साठी. १९८५ पासूनचा हा संगीताचा मेळा आहे, टेकडीवर बसून ऐकायचं.

उन्हाळी वेळापत्रकावर भरवसा ठेवू नकोस. रुळांची कामं नेमकी तेव्हाच काढतात आणि गाडीऐवजी बस लावतात. शुक्रवारी रात्री ॲपवर परतीची गाडी तपास, आणि शेवटच्या गाडीच्या आधीची पकड. लांबच्या गाडीचं तिकीट असेल आणि तासाहून जास्त उशीर झाला तर पैशांतले २५ टक्के, दोन तासांहून जास्त झाला तर ५० टक्के परत मागता येतात. अर्ज करायला लाजू नकोस.

व्हिसावर एकदा बोट ठेवून वाच. सी प्रकारचा, म्हणजे थोड्या मुदतीचा, असेल तर त्यावरचे दिवस मोज, शेवटचा वीकेंड त्या पलीकडे जाता कामा नये. डी, म्हणजे लांब मुदतीचा, असेल तर बाकीच्या शेंगेन देशांत १८० पैकी ९० दिवस फिरता येतं. लंडन आणि आयर्लंड या दोन्हींत येत नाहीत.

एका गोष्टीवर मात्र मी ताईपणाने दरडावून सांगते. ऱ्हाइनमध्ये पोहायचं नाही. बाझेलला लोक कपडे पिशवीत बांधून नदीत उतरतात, ते तिथल्या ठरलेल्या पट्ट्यात आणि लहानपणापासून शिकलेले. कार्ल्सरूहपाशी मालवाहू जहाजं जातात, पाणी वरून संथ दिसतं आणि खालून ओढतं. पोहायचंच असेल तर राप्पेनव्योर्टचा पोहण्याचा तलाव आहे, तिथे जीवरक्षक असतो. अंबाझरी तलावात पाय बुडवले म्हणजे पोहता येतं असं नाही, हे मी मुलांना जास्त सांगते, पण तूही ऐक.

घरी फोन कामावरून परतल्या परतल्या कर. तुझे सहा म्हणजे नागपूरचे साडेनऊ. जेवून उशिरा केलास तर आई जागत बसते. आणि १० जुलैच्या आत डॉइचलांड तिकिटाची वर्गणी रद्द कर. ती दर महिन्याच्या १० तारखेपर्यंतच त्या महिनाअखेरीसाठी रद्द होते. नाहीतर तू ऑगस्टमध्ये धरमपेठेत पोहे खात असशील आणि कार्डावरून ६३ युरो गेलेले असतील. सायकल त्याच आठवड्यात विकायला काढ. सप्टेंबरात येणारे विद्यार्थी तोवर शोधायला लागलेले असतात आणि भाव बरा येतो.